बंडीवरचा कोसा

भर दुपारी ईश्वरदास सेठच्या दुकानात दिवा जळत होता.

टेकचंदला आधी वाटलं, घरात कोणी गेलं. तीन बंड्या रस्त्याच्या कडेला लावून तो खाली उतरला होता. धोतराला वाघनदीचा चिखल वाळून कडक झाला होता आणि इतक्या मुक्कामांनंतर पायाखालची जमीन अजून हलत असल्यासारखी वाटत होती. श्रावण सरत आलेला. पावसानं उघडीप दिली होती आणि गोंदियाच्या बाजारावर असं ऊन पडलं होतं की डोळे नीट उघडवत नव्हते. असल्या उजेडात समईची वात कुणाला दिसायची? दिसली ती दुकान आतून रिकामं होतं म्हणून. गादी उलटी करून भिंतीला लावलेली, तक्के नाहीत, तराजू काढून खाली ठेवलेला, आणि जिथं ईश्वरदास मांडी घालून पान चघळत बसायचा तिथं उघड्या फरशीवर तोच ईश्वरदास बसलेला. समोर समई. मग टेकचंदला उमगलं. लहानपणी बापानं सांगितलेली गोष्ट होती: जुन्या चालीचा सावकार बुडाला की आपल्या तोंडानं सांगत नाही, दुपारी दिवा लावतो. ज्याचं घेणं असेल त्यानं बघावं आणि समजावं. हल्ली कोण करतं असलं? मंदी आल्यापासून गावोगावचे सेठ बुडत होते, आणि हल्लीचे सेठ रातोरात रायपूरची गाडी धरत होते. ईश्वरदास जुन्या चालीचा निघाला. त्याच्यासमोर उभं राहून टेकचंदच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते मात्र त्याचं दुःख नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं, बंड्या लादलेल्याच आहेत ना.

बंड्यांवर बियाण्याचा कोसा होता. दरवर्षी या दिवसांत ईश्वरदास बैहरच्या जंगलातून जिवंत कोसे आणवायचा आणि चोरखमारा गावच्या ढिवरांना, मासेमार लोकांना, वाटायचा. कोंबडीच्या अंड्याएवढे, भुरकट, वाळल्या फळासारखे कोसे. आत किडा झोपलेला. ढिवर ते घरात माळा करून टांगत. चारसहा दिवसांत पाखरं निघत, अंडी घालत, अंड्यांतल्या अळ्या जंगलात ऐनाच्या झाडांवर सोडल्या जात, आणि दिवाळीनंतर त्याच झाडांवरून नवा कोसा उतरून रेशमासाठी ईश्वरदासच्या दुकानात येत असे. बियाणं सेठचं, मेहनत ढिवरांची, नफा बहुतेक सेठचा. रेल्वेनं एका दिवसात आलं असतं सगळं. पण बंद डब्यात कोसा गुदमरतो, म्हणून बंडी. बांबूची मोठाली टोपली, तोंडाला गोणपाट शिवलेलं; मुक्काम आला की झाडाखाली उतरवायची, गोणपाट उसवायचं, वारा खाऊ द्यायचा, पहाटे पुन्हा शिवून लादायची. टेकचंदचं यात नाव होतं. त्याच्या बंडीतला कोसा मरत नाही, असं ईश्वरदास दहा जणांत म्हणायचा.

"देख लिया ना?" ईश्वरदास मान वर न करता म्हणाला. "आता काय सांगू तुला."

"माहं भाडं, सेठजी."

"भाडं." सेठनं तो शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "माझ्याजवळ जे आहे ते आता कोर्टाचं आहे, भाई. भंडाऱ्याला अर्ज गेला. तिथून साहेब येईल, तो सगळ्यांना वाटून देईल. रुपयामागं दोन आणे आले तरी नशीब समज." मग जरा थांबून, "माल उतार दे, टेकचंद. बीज है. जीव आहे त्यात. गावचे लोक वाट बघत बसले असतील."

"उतरवला तं मी काय धरून बसू?"

ईश्वरदासनं त्यावर वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच टेकचंदला टोचलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नियम साधा होता आणि कुठं लिहिलेला नव्हता. गोंदियाचा, आमगावचा, तिरोड्याचा, कुठलाही बंडीवाला विचारा. वाटेत मुक्कामाला उतरवलेला माल बंडीवाल्याचा. गावात उतरवलेला माल धन्याचा. पोहोचवायच्या गावात माल एकदा भुईला लागला की बंडीवाल्याचा हक्क संपला, मग भाडं मिळो न मिळो, त्यानं राम राम करावा आणि बैलांना पाणी पाजावं. टेकचंदला हा नियम कुणी शिकवला नव्हता. त्यानं तो बापाच्या खांद्यावर पाहिला होता. संवत छपन्नच्या दुकाळात बकाराम, म्हणजे त्याचा बाप, एका व्यापाऱ्याचं धान घेऊन तिरोड्याला गेला. व्यापारी आदल्याच दिवशी बुडालेला. बकारामनं बंडी सोडली नाही, दोन दिवस धानावर बसून राहिला. पण व्यापाऱ्याची म्हातारी आई बाहेर आली, तिनं पाय धरले, घरात लेकरं उपाशी आहेत म्हणाली, आणि बकाराम विरघळला. ओसरीवर पोती उतरवली. म्हातारीनं हंडी चढवायच्या आधी बाकीचे घेणेकरी आले आणि पोती घेऊन गेले. बकाराम भाडं मागायला गेला तेव्हा ते हसले. माल तर तूच उतरवलास, बावा, म्हणाले. मग त्या वर्षी वैरण नाही म्हणून बैल गेले, बंडी घरामागं उभी राहिली ती सरपण होईपर्यंत, आणि तीन पिढ्यांचा बंडीवाला गोंदियाच्या मालधक्क्यावर दुसऱ्यांची पोती उचलायला लागला. उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती त्याच्या. टेकचंद लहानपणी तिच्यावरून बोट फिरवायचा. ती हलायची.

आणि मरतानाची गोष्ट. बायका म्हणाल्या, आता वेळ आली, भुईवर घ्या. टेकचंदनं आणि काकानं बाजेवरून उचलायला हात घातले तसा बापानं डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाला, "भुईवर ठेवू नको, टेक्या." माणसाला बाजेवर मरू देत नाहीत. ठेवलंच. पाठ टेकली आणि बाप गेला. पुढं किती वर्षं टेकचंदला वाटत राहिलं की अजून थोडा वेळ हातांवर धरला असता तर थोडा वेळ जगला असता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं हमाली केली, दुसऱ्याच्या बंड्या हाकल्या, मग एक बंडी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. आणि या बैहरच्या खेपेत चिखलात पाय मोडून त्याचा मोऱ्या बैल वाटेतच गेला होता. तिसरी बंडी भाड्याच्या बैलावर गोंदियापर्यंत ओढत आणली होती. या खेपेचं भाडं आलं नाही तर बैल नाही, बैल नाही तर बंडी नाही. तीन बंड्यांचा टेकचंद दोन बंड्यांचा होणार, मग एकीचा, मग खांद्याचा. त्यानं नकळत उजवा खांदा चाचपून पाहिला.

बंड्या त्यानं आपल्या अड्ड्यावर आणल्या. मालधक्क्याच्या मागं कवेलूनं शाकारलेलं एक लांबट छप्पर होतं, पुढं मोकळं आवार. छप्पर बुटकं, लादलेली बंडी आत जात नसे. एरवी बंड्या रिकाम्या होऊनच अड्ड्यावर यायच्या, त्यामुळं हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तिन्ही बंड्या जू टेकवून आवारात उभ्या राहिल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर ऊन. त्याचा जुना गडी सुकराम बैल बांधून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"टोपल्या आत घेऊ का, मालक? छपरात गारवा आहे."

"हात लावू नको."

"वाटेत तं रोज उतरवून राहिलो होतो."

"वाटेत. आता आपन गावात आहो. तुले मी सांगावं का हे?"

सुकराम बंडीवाल्याचाच पोर होता. तो बैलांना वैरण टाकायला गेला. दुसऱ्या दिवशी कोर्टाचा शिपाई येऊन आवाराच्या दाराशी उभा राहिला आणि मोठ्यानं सांगून गेला की ईश्वरदासच्या दिवाळखोरीतला कुठलाही माल साहेब येईपर्यंत गोंदियाबाहेर न्यायचा नाही. साहेब पोळ्यानंतर येतील, मधे कचेरी बंद आहे. म्हणजे गावाबाहेर बंड्या नेऊन रस्त्याच्या कडेला टोपल्या उतरवाव्यात, मुक्कामाचा माल करावा, ही जी वाट टेकचंदच्या मनात सकाळपासून घुटमळत होती तीही गेली. आता फक्त थांबायचं. थांबणं त्याला येत होतं. बंडीवाल्याचं अर्धं आयुष्य थांबण्यात जातं, नदी उतरायची वाट बघण्यात, फाटक उघडायची वाट बघण्यात. पण त्या थांबण्यात माल झोपलेला असतो.

रुख्मा आली ती त्याच दिवशी. उन्हातून, अनवाणी, डोक्यावर रिकामी टोपली. केसांना तेल नव्हतं, कपाळ कोरडं. टेकचंद तिला ओळखत होता; चोरखमाऱ्याच्या ढिवरांतून दरवर्षी बियाणं न्यायला तिचा नवरा उदाराम यायचा, मागं मागं ही. कोशाच्या दिवसांत ढिवरांचं व्रत फार कडक. माणूस ऐनाच्या बनात एकटा राहतो, कावळे हाकतो, भुईवर झोपतो, बाईजवळ जात नाही, केस-दाढी कापत नाही. घरी बाई तेल-कुंकू लावत नाही. आणि जन्मभर मासळी पकडणाऱ्यांच्या घरात कोसा उतरेपर्यंत मासळी शिजत नाही. जरा विटाळ झाला तर किडा पान खायचं सोडतो म्हणतात. टेकचंदला यातलं खरं किती ठाऊक नव्हतं. पण एवढं धरून राहणारी माणसं त्याला बरी वाटायची, आपल्यासारखी.

"सेठच्या दुकानात दिवा आहे," रुख्मा म्हणाली. "तो मने, माल टेकचंदकडं आहे."

"आहे."

"मंग दे ना, भाऊ. उदाराम बनात जाऊन बसला. झाडं छाटून ठेवली, पालवी फुटली. साऱ्या वाडीची झाडं फुटली."

"माल सेठचा आहे, बाई. भाडं आल्याशिवाय मी कसा देऊ?"

"आमी भाडं कोठून देऊ?"

"तुले कोन मागून राहिला?"

ती बंडीजवळ गेली. ताडपत्रीचा कोपरा उचलून तिनं टोपलीवर कान ठेवला. बराच वेळ. मग हात आत घालून गोणपाटावर तळवा टेकवला आणि झटकन काढला, चुलीवरच्या तव्याला लागल्यासारखा. "तापून राहिलं रे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "उतरव ना गा. देऊ नको मले. तुह्याच छपरात उतरव. मी माळा करून टांगतो, तू राखन बस. निघाले की अंडी तुह्याच घरी. सेठचं काय व्हायचं ते मंग पाहू. पन उतरव."

"उतरवता येत नाई."

"काऊन?"

टेकचंदनं तिला नियम सांगितला. सांगताना त्याच्या लक्षात आलं की हा नियम तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलून दाखवत होता, आणि बोलल्यावर तो तोकडा वाटत होता. रुख्मानं ऐकून घेतलं. तिनं वाद घातला नाही. तिच्याही घरी असे नियम होते, कशाला म्हणून विचारायचे नाहीत असे. तिच्या केसांना तेल नव्हतं ते कुठल्या कायद्यानं? ती छपराच्या सावलीत जाऊन रिकाम्या टोपलीशेजारी बसली. आणि तिथंच राहिली.

मग ऊन. टेकचंद बंडीखाली सतरंजी टाकून पडू लागला, कारण राखण करायची तर जवळ हवं. दुपारी डोळे मिटले की वर टोपल्यांचं वजन छातीवर आल्यासारखं वाटे. तो स्वतःशी हिशेब घाली. साहेब पोळा झाला की येईल. आला की भाडं मागायचं. भाडं घेतलं की त्याच क्षणी उतरवायचं, आपल्या हातानं, एकेक टोपली, रुख्माच्या पुढ्यात. तोवर काय होतं? कोसा टणक असतो. बैहरहून आला तो काय लोण्याचा आहे? बापानं एका म्हातारीसाठी बंडी रिकामी केली आणि म्हातारीला एक मूठ धान मिळालं नाही. दया करायची ती सोय बघून करावी. या सगळ्याला कुठं खोट नव्हती, आणि तरी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, जसं कुणी समोर बसलंय आणि त्याला ते पटत नाहीये. एका दुपारी उन्हाचा फार तडाखा होता तेव्हा त्यानं उठून सुकरामला विहिरीचं पाणी ओढायला लावलं आणि ताडपत्री सारून घागरी घागरी टोपल्यांवर ओतलं. गार होईल. पाणी टोपल्यांतून झिरपत खाली आलं, मातीत जिरलं, वाफ निघाली. बरं वाटलं त्याला. काहीतरी केलं. रुख्मा अंघोळीला तळ्यावर गेली होती. ती परत आली, ओली माती पाहिली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"पानी टाकलास?"

"गार व्हाले टाकलं."

"अरे बापा," ती म्हणाली, "ओल लागली की त्यायले वाटते पाऊस आला. बाहेर निघतेत मंग." आणि ती तोंडाला पदर लावून छपरात गेली.

त्यानं तेव्हा ते फार मनावर घेतलं नाही. बायका घाबरतात. पण दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, तो बंडीखाली पडला असता वरून आवाज आला. खुड्. मग थांबलं. मग पुन्हा, दुसरीकडून. उंदीर असेल असं त्यानं ठरवलं, आणि ठरवताना त्याला ठाऊक होतं की उंदीर नाही. लहानपणी बापानं एकदा त्याच्या कानाला कोसा लावला होता. ऐक, म्हणाला, आत कोणी आहे. तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला होता, बाप खूश व्हावा म्हणून. आता ऐकू येत होतं. एक नाही, शेकडो. सुकी पानं चुरगाळावीत तसा बारीक आवाज, तिन्ही बंड्यांतून. तो उताणा पडून ऐकत राहिला. उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. मग त्याच्या गालावर थेंब पडला. कोमट. त्यानं पुसून बोटं पाहिली. पाणी नव्हतं, तांबूस चिकट काहीतरी होतं, आंबट उग्र वासाचं. पाखरू कोशातून निघताना अंगातलं टाकतं ते. थेंब पुन्हा पडला, कपाळावर. टेकचंद तसाच पडून राहिला. त्याला वाटलं, आपण बापाला हातांवर धरलं आहे आणि हात भरून आले आहेत.

"मालक," सुकराम बंडीशेजारी वाकून म्हणाला, "निघून राहिले ते. वरून गोनपाट शिवलं आहे. पंख कोठं पसरन त्यायचे?"

"साहेब परवा येते."

"परवापरेंत—"

"सुकराम," टेकचंद म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "माहा बाप धक्क्यावर पोती वाहून मेला. तू पाहिलास ना?"

"पाहिलो."

"मंग जा."

पोळ्याच्या दिवशी गावचे बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, झुली घालून निघाले. टेकचंदचे पाच बैल होते. सहाव्याची झूल सुकरामनं घडी करून दावणीवर ठेवली होती. बैलांना त्या दिवशी जू लावत नाहीत, आणि लादलेली बंडी आवारात उभी ठेवत नाहीत, अपशकुन असतो. शेजारचे बंडीवाले येऊन पाहून गेले. कुणी नावं ठेवली नाहीत. उलट एकानं पाठीवर हात ठेवला, पक्का माणूस म्हणाला. टेकचंदला त्या हाताची लाज वाटली. तो बैलांमागं तोरणापर्यंत गेला, ढोल वाजत होते, पोळ्याची गाणी, झडत्या म्हणत होते, लोक हसत होते, आणि त्या सगळ्या गलबल्यात त्याच्या कानात खुडखुड चालूच होती. मधे एकदा ती थांबली. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, ढोल इतक्या जोरात असून थांबल्याचं कळलं कसं. तो तसाच परत फिरला. अड्ड्यावर ऊन होतं आणि शांत होतं. रुख्मा छपरातून बंड्यांकडं पाहत बसली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं टोपलीला कान लावला. मग दुसरीला. त्या दिवशी त्यानं पुरणपोळीला हात लावला नाही.

कोर्टानं नेमलेले साहेब म्हणजे केशोराव वकील, भंडाऱ्याचे. ठेंगणे, घामेजलेले, हातात छत्री. ईश्वरदासच्या दुकानाला सील लावून, घराची भांडी मोजून ते अड्ड्यावर आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाराच्या दारातच नाकाला रुमाल लावला.

"हा कसला वास?"

"कोसा आहे साहेब. सेठचा. माह्या भाड्यापायी अडवून ठेवला." टेकचंदनं हे वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते त्याच्या तोंडून पाठ केल्यासारखं आलं. "भाडं मिळाल्याबिगर मी उतरवत नाई."

"बरोबर आहे तुमचं," केशोराव म्हणाले. "वाहतूकदाराला हक्क आहे. मी नाही म्हणणार नाही. या मालाचं भाडं आधी तुमचं, मग बाकीच्यांचं. दाखवा माल."

बरोबर आहे तुमचं. टेकचंदला फार बरं वाटलं. बापाला हे ऐकायला हवं होतं. सुकरामनं बंडीवर चढून ताडपत्री ओढली आणि पहिल्या टोपलीचं गोणपाट उसवलं. केशोराव टाचा उंचावून आत डोकावले आणि मागं सरले. वर वर सगळी पाखरं होती, एकावर एक, पिवळसर तांबडी, हाताच्या पंज्याएवढी व्हायला हवी होती ती. पंख पसरायला टांगून घ्यायला जागा न मिळाल्यानं प्रत्येकाचे पंख ओल्या चिंधीसारखे मुडपून वाळले होते. त्यांच्याखाली फुटलेले कोसे, चिकट, काळवंडलेले. त्याखाली न फुटलेले. सुकरामनं एक उचलून दाबला. आतून पाणी आलं.

"अहो, हे बंडीवर का ठेवलंत इतके दिवस?" केशोराव म्हणाले.

"उतरवला असता तं हक्क गेला असता, साहेब."

केशोरावांना आधी समजलंच नाही. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, छपराकडं पाहिलं, बंडीकडं पाहिलं. "हा अड्डा कोणाचा?"

"माहा."

"आणि छप्पर?"

"माहंच."

"मग तुमच्या छपरात उतरवायला कोणी मना केलं होतं? माल तुमच्या ताब्यात असल्याशी मतलब. बंडीवर आहे का भुईवर आहे, हे कायदा विचारत नाही." ते हे ओरडून बोलले नाहीत, पोराला पाढ्यातली चूक सांगावी तसं बोलले. मग त्यांनी टोपल्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "आता याला गिऱ्हाईक कुठलं? कोर्टाला हे नको. भाड्यापोटी सगळा माल तुम्हीच ठेवून घ्या. तसं लिहून देतो." आणि रुमाल नाकाशी धरून ते निघून गेले, कारण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती.

तुमच्या छपरात. टेकचंद बराच वेळ आवाराच्या मधोमध उभा राहिला. रुख्मा हेच म्हणाली होती. शब्द तेच होते. पण त्याला रुख्मा आठवत नव्हती, तिरोड्याची ओसरी आठवत होती. ती त्या व्यापाऱ्याची होती, बापाची नव्हती, म्हणून गेलं बापाचं धान. भुईला लागलं म्हणून नाही. एवढंच होतं ते. एवढंच होतं, आणि बापाला कुणी सांगितलं नाही, आणि बापानं त्याला चुकीचं सांगितलं. नाही, बापानं काहीच सांगितलं नव्हतं. बापाचा खांदा बघून त्यानंच ठरवलं होतं.

मग त्यानं सदरा काढला आणि स्वतः टोपल्या उतरवायला लागला. सुकराम वरून द्यायचा, तो उजव्या खांद्यावर घ्यायचा, छपरात नेऊन ठेवायचा. टोपल्यांना वजन असं राहिलंच नव्हतं. हीच टोपली बैहरला लादताना दोघं लागत होते. छपरात खरंच गारवा होता. रुख्मा एकेक टोपली उसवून जमिनीवर पालथी करत होती आणि बोटांनी चिवडत होती, भाकरीसाठी तांदूळ निवडावेत तशी, घाईनं नाही, काही सोडून नाही. गोणपाटाला आतून अंड्यांचे पुंजके चिकटलेले तिनं दोन ठिकाणी पाहिले. एक अंडं नखावर घेऊन फोडलं. पाहिलं. दुसरं फोडलं. दोन्ही आतून कोरडी. मग गोणपाट बाजूला ठेवून दिलं.

शेवटची टोपली झाली तेव्हा तिनं हात मातीत चोळून पुसले आणि आपली रिकामी टोपली उचलली. टेकचंद घामानं न्हाला होता, छातीला तांबूस डाग, केसांत पंखांची भुकटी. त्याला वाटत होतं ती शिव्या देईल. त्यानं त्यासाठी मान खाली घालून ठेवली होती.

"बंडी जुपतो," तो म्हणाला. "घरापरेंत सोडून देतो तुले."

"नको."

"पायी कोठं जातेस येवढी?"

"बनात जातो," रुख्मा म्हणाली. "उदारामले सांगा लागन ना." आवाराच्या दारापाशी जाऊन ती थांबली, जशी एखादी किरकोळ गोष्ट आठवावी तशी. "तिकडं कोनी न्हावी नाई. येथून एक वस्तरा घेऊन जातो. त्याले सांगतो, बावा, कापून टाक आता केस."

ती गेली. सुकरामनं छपरातला ढीग फावड्यानं ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं तर टेकचंद रिकाम्या बंडीवर चढून बसला होता, टोपल्या होत्या त्या जागी, पाय भुईपासून वर घेऊन. सुकरामला वाटलं दमला असेल. त्यानं ढीग ओढून संपवला, बैलांना पाणी पाजलं, दावण बांधली.

"मालक," त्यानं हाक मारली, "या ना आता खाली."

टेकचंद खाली आला नाही.